उंदीर बरे झाले सर, आता आमच्या बाजारातल्या पुड्या तपासा

प्रति,
विदर्भातील फार्मसी महाविद्यालयांचे प्राचार्य, प्राध्यापक आणि एम. फार्म.चे मार्गदर्शक

विषय: मधुमेहावरचे पाल्याचे अर्क आणि आमच्या मंगळवारच्या बाजारातल्या शुगरच्या पुड्या

सर, मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यात, केळापूर तालुक्यातल्या एका बाजारगावी मेडिकल चालवतो. दुकानासमोर एसटीचा थांबा, मागे पऱ्हाटीची वावरं, आणि आडवाटेने गेलं की कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या. एम. फार्म. करून गावात मेडिकल टाकलं म्हणून बॅचमधले पोट्टे अजून हसतात. हसू द्या. तुमच्यापैकीच एकांच्या हाताखाली मी शिकलो आणि आज जे लिहितोय ते त्याच शिक्षणाच्या जोरावर, तेव्हा रागावू नका.

दिवाळी उलटली होती, सोयाबीन घरी आलं होतं. एक काका दुकानात आले, पायाला फडकं गुंडाळलेलं. त्यांनी खिशातून पन्नीत जपून ठेवलेलं पेपरचं कात्रण काढून काउंटरवर ठेवलं. एका कॉलेजात कुठल्याशा झाडाच्या पाल्याच्या अर्काने मधुमेह आटोक्यात आल्याची बातमी होती. मथळा चांगला तीन कॉलमी. ‘उंदीर’ हा शब्द मला शोधून शोधून शेवटून दुसऱ्या ओळीत सापडला. काकांना तो सापडायचा प्रश्नच नव्हता. पोराने त्यांना मथळा तेवढा वाचून दाखवला होता.

“पोळ्यापासून गोया बंद केल्या,” काका म्हणाले. “हाच पाला खातो सकाऊन. मंग पाय काऊन भरून नाई येऊन रायला?”

सोयाबीनच्या धसकटाने पाय फाडला होता. कधी, ते त्यांना सांगता येईना, कारण दुखलंच नव्हतं. मी बोटाला सुई टोचून मशीन लावलं. मशीनने आकडा दिलाच नाही; साखर सहाशेच्या वर गेली की ते नुसतं इंग्रजीत ‘हाय’ लिहितं. काय म्हणते, असं काकांनी विचारलं. मी म्हटलं, हाय म्हणते. “शुगर हाय? ते तं मलेबी मालूम हाय,” काका म्हणाले. आम्ही दोघंही हसलो. चौथ्या दिवशी जिल्ह्याच्या गावी त्यांच्या पायाचं एक बोट काढावं लागलं.

त्या कात्रणातलं काम कोणाचं होतं, ते मी इथे लिहिणार नाही. कारण तसंच काम मीही केलंय.

माझ्या प्रबंधाचा विषय जांभळाच्या बिया. बिया वाळवून दळल्या, सॉक्सलेट नावाच्या काचेच्या उपकरणात अल्कोहोलवर अर्क काढला, आटवला, हाती काळपट चिकट गोळा आला. पांढरे विस्टार जातीचे उंदीर, एका गटात सहा. एक गट निरोगी, एक नुसताच मधुमेही, एकाला ग्लिबेनक्लामाइड, म्हणजे साखर उतरवणारी नेहमीची गोळी, एकाला माझा अर्क किलोमागे २०० मिलिग्रॅम, एकाला ४००. उंदरांना मधुमेह व्हावा म्हणून अ‍ॅलॉक्सनचं इंजेक्शन. ते दिल्यावर पहिल्या रात्री स्वादुपिंडातल्या पेशी फुटून साठवलेलं इन्सुलिन एकदम बाहेर पडतं आणि साखर इतकी उतरते की उंदीर मरतात, म्हणून पिंजऱ्याच्या बाटल्यांत ग्लुकोजचं पाणी भरून ठेवायचं. मग २१ दिवस अर्क पाजायचा, शेपटीच्या टोकाचा थेंब घ्यायचा, वहीत आकडा लिहायचा. आलेख झकास उतरला. ४०० वाला गट ग्लिबेनक्लामाइडच्या अगदी जवळ. प्रबंधाची शेवटची ओळ तुम्हाला पाठ असेलच: मानवी चाचण्यांची पुढे आवश्यकता आहे. आम्ही सगळेच ती ओळ लिहायचो. नाटक संपलं की पडदा पाडावा, तशी.

मधल्या काळात ४०० च्या गटातले दोन उंदीर मेले होते. त्यांच्या जागी दुसरे घेतले, मेलेले मोजले नाहीत. तसंच करतात, असं मला सांगण्यात आलं आणि मी मान डोलावली. आज ती वही समोर असती तर पहिल्यांदा ते दोन उंदीर मोजले असते.

एक हिशेब मात्र मी तेव्हा केलाच नाही. तो परवा दुकानात बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर केला. उंदराचा डोस माणसाला लावताना साधारण सहाने भागतात. किलोमागे ४०० मिलिग्रॅमचे झाले ६५. साठ किलोच्या माणसाला रोज जवळपास ४ ग्रॅम अर्क. माझ्या बियांतून अर्क निघायचा शंभराला दहा-अकरा ग्रॅम. म्हणजे रोज ३५ ते ४० ग्रॅम बियांची पूड. आमच्याकडचे लोक घेतात चहाचा एक चमचा. उंदराला जे लागू पडलं ते गावात कोणी घेतच नाही, आणि गावात जे घेतात ते कोणी उंदरालाही दिलेलं नाही.

शिवाय अ‍ॅलॉक्सनने इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच जळतात. माझ्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांना दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आहे. त्यांच्या अंगात इन्सुलिन असतं, शरीर त्याला दाद देत नाही. रोग हाल्याला अन् इंजेक्शन पखालीला, तसला प्रकार.

झाडपाल्यात काही नसतं असं मला म्हणायचं नाही. तसं म्हणणाऱ्याने आधी माझ्या दुकानातली मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीची पत्ती हातात घ्यावी. युरोपात गॅलेगा नावाचं एक जांभळ्या फुलांचं झुडूप असतं. फार लघवी होणाऱ्या रोग्यांना ते तिकडे शेकडो वर्षं देत होते. त्यातल्या गॅलेजिनने साखर उतरायची, पण ते विषारी निघालं. त्याच कुळातलं मेटफॉर्मिन डब्लिनमध्ये १९२२ साली रासायनिक पद्धतीने बनलं आणि कागदांतच पडून राहिलं, कारण त्याच सुमारास इन्सुलिन आलं होतं. पॅरिसच्या डॉ. जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहींना दिल्याचे निष्कर्ष १९५७ मध्ये छापले. अमेरिकेने त्याला १९९४ मध्ये परवानगी दिली. आणि त्याने वजनदार मधुमेहींचे हार्ट अटॅक कमी होतात, हे ब्रिटनमधल्या वर्षानुवर्षं चाललेल्या अभ्यासातून १९९८ मध्ये पुढे आलं. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये काढलेल्या फ्लोरिझिनचीही हीच गत. त्याच्यावरून आजच्या मधुमेहावरच्या ग्लिफ्लोझिन गोळ्या सुचायला दीडशेच्या वर वर्षं गेली. झाडापासून गोळीपर्यंतची वाट अशी लांब आहे. आपण तिच्यावर पहिलं पाऊल टाकतो, फोटो काढतो आणि परत फिरतो.

आता आमचा बाजार बघा. मंगळवारी वडाखाली एक माणूस ताडपत्री अंथरतो. त्याच्याकडे बिजाच्या, म्हणजे विजयसार झाडाच्या, लाकडाचे गिलास असतात. रात्री पाणी भरून ठेवायचं, सकाळी प्यायचं. पाणी तांबूस होतं आणि उन्हात धरलं की कडेला निळी झाक मारतं. ती झाक खरी आहे, बिजातल्या द्रव्यांचा तो गुण आहे. पण गिऱ्हाइकाला वाटतं जादू आहे. हा गिलासवाला आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, नाव घेतो, आणि खोटं बोलत नाही. त्यांचा अभ्यास १९९८ मध्ये छापून आला: नुकताच मधुमेह निघालेले ९७ लोक, बिजाचा अर्क रोज २ ते ४ ग्रॅम, १२ आठवड्यांत ६७ जणांची साखर आटोक्यात. आता गिलासवाला काय सांगत नाही ते पाहा. तिथे मोजलेला अर्क होता, गिलासातलं पाणी नव्हतं. तुलनेला दुसरा गट नव्हता. रोग नवा होता, आणि नवा मधुमेही पथ्य आणि चालणं सुरू करतो तेव्हा त्याची साखर तशीही उतरते. गिलासाचं म्हणाल तर पहिल्या हप्त्यात पाणी लाल येतं, दोन महिन्यांनी नुसतं पाणी. डोस काय मोजणार?

त्याच्या शेजारी गुडमारचा वाळका पाला. हा पाला मी स्वतः लोकांना चावायला देतो. दोन पानं चावून वर साखर टाकली की जिभेवर रेती टाकल्यासारखं वाटतं. त्यातली जिम्नेमिक आम्लं जिभेचं गोड ओळखणं तासभर बंद करतात. बाया पोट धरून हसतात. मग मी सांगतो की मावशी, साखर जिभेवरून गेली, रक्तातून नाही गेली. निम्म्यांना पटतं.

कडू ते शुगरचं औषध, असा आमच्याकडे पक्का समज. कारलं, कडुनिंब, किरायत, अन् कडू निघालेला दुधीभोपळासुद्धा. २०१० मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एक मधुमेही शास्त्रज्ञ दगावले, त्यावर आयसीएमआरने समिती बसवली आणि कडू लागला तर रस पिऊ नका असं बजावलं. ती बातमी आमच्या गावात आली नाही. दुधीच्या रसाने शुगर जाते, ही मात्र आली. माझ्या रॅकवर कारलं-जांभूळ ज्यूसच्या बाटल्या आहेत, विकतो, खोटं कशाला बोलू. अमेरिकेत १९९९ मध्ये जांभूळ, कारलं, गुडमार आणि वांगं यांच्या मिश्रणावर मधुमेहासाठी पेटंट दिलं होतं, तेव्हा आपल्याकडे बरीच ओरड झाली. वांग्याने शुगर जात असती तर विदर्भात ती कोणाला झालीच नसती.

पण मला झोप लागू देत नाही ती सदाफुली. आमच्या गल्लीत तीन घरांच्या अंगणात ती निव्वळ शुगरसाठी लावलेली आहे. एक आजी रोज सकाळी पाच पानं मोजून चावतात. ही गोष्ट तुम्ही बी. फार्म.च्या वर्गात शिकवता, पण ती वर्गातच राहते. १९५२ मध्ये जमैकातून कॅनडात सदाफुलीचा पाला पाठवला गेला, कारण तिथेही लोक तिचा काढा मधुमेहावर पीत. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी तो उंदरांना दिला. साखर काही हलली नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र धडाधड घटल्या आणि उंदीर जंतुसंसर्गाने मेले. एखाद्याने वही मिटून दुसरं झाड शोधलं असतं. त्यांनी मेलेले उंदीर मोजले. १९५८ पर्यंत त्यातून व्हिनब्लास्टिन हाती आलं, कर्करोगावरचं औषध. त्याचंच भावंड व्हिन्क्रिस्टीन आज रक्ताचा कर्करोग झालेल्या लेकरांना देतात. पाच पानांत ही द्रव्यं अगदी थोडी असतात हे मला कळतं. पण आजींना मी काय सांगू? “फुलाचं झाड हाय बाप्पा, देवाले वायतो आपण,” असं त्या म्हणतात.

आणि मग पुड्या. या पुड्यांसाठीच हे पत्र लिहायला बसलो.

दर दोन-चार महिन्यांनी नवा माणूस येतो. कधी बाजारात, कधी मोटारसायकलवर पोडापोडांत. पाटीवर हिंदीत लिहिलेलं असतं, शुगर जड से खत्म. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे, मधुमेह त्याच्या यादीत नावानिशी आहे. पाटीवाल्याने तो वाचलेला नाही आणि बाजारात त्याला तो वाचून दाखवणारा कोणी नाही. पूड हिरवट-करडी, पन्नीत बांधलेली, वर नाव नाही की तारीख नाही.

गेल्या चातुर्मासात एकादशीच्या दिवशी पहाटे साडेपाचला शेजारचा पोरगा दुकानाचं शटर बडवत आला. त्याच्या आईला दरदरून घाम सुटला होता, हातपाय थरथरत होते, ती कोणाला ओळखत नव्हती. सगळ्यांना वाटलं लकवा मारला. मशीन लावलं, साखर ४२. गालात साखरेचं पाणी सोडलं, थोडं थोडं. वीस मिनिटांनी तिने मला नावाने हाक मारली, मग आम्ही तिला दवाखान्यात हलवलं. तिने महिनाभर एकही गोळी घेतली नव्हती. फक्त पुडी घेत होती, आणि त्या दिवशी उपास होता.

सर, नुसत्या पाल्याने साखर ४२ वर येते? तुम्हाला काय शंका येते तीच मला आली. पुडीत ग्लिबेनक्लामाइड कुटून घातलेलं असणार. हे देशोदेशी सापडलेलं आहे, नवीन नाही. म्हणूनच अशी पुडी पहिल्या हप्त्यात असा गुण देते की माणूस दहा जणांना सांगत सुटतो. पण माझ्याकडे शंका आहे, पुरावा नाही. पुरावा तुमच्याकडे आहे.

मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून ओळखायला तुमच्याकडे टीएलसीच्या प्लेटा आहेत, बहुतेक ठिकाणी एचपीएलसीचं यंत्र आहे. ग्लिबेनक्लामाइड आणि मेटफॉर्मिन शुद्ध स्वरूपात तुमच्या कपाटात आहेत, तेच तर उंदरांना देता. एका पुडीतून हे वेगळं काढायला एम. फार्म.च्या पोराला किती वेळ लागेल? कायदेशीर नमुना घेणं औषध निरीक्षकाचं काम, मान्य. पण प्रबंधासाठी बाजारातल्या पुड्या आणून त्यांत काय आहे ते बघायला कोण अडवतं? चारशेव्या झाडाचा पाला सहा उंदरांना पाजण्यापेक्षा, एका तालुक्यातल्या वर्षभराच्या पुड्या तपासणं हा प्रबंध कुठे कमी पडतो? त्यात मरणाऱ्या उंदरांचीही गरज नाही.

नकारार्थी निकाल छापायला लाज वाटत असेल तर ब्राझीलकडे बघा. तिथल्या दक्षिण भागात जांभळाच्या पानांचा चहा मधुमेहावर फार चालतो. पोर्तो अलेग्रेच्या डॉक्टरांनी काही रोग्यांना तो चहा दिला, काहींना खोटा चहा आणि खोटी गोळी, काहींना ग्लिबेनक्लामाइड. कोणाला काय मिळतंय ते रोग्यालाही माहीत नव्हतं आणि डॉक्टरलाही. गोळीने साखर उतरली, चहाने नाही. २००६ मध्ये त्यांनी ते जसंच्या तसं छापलं. माझ्या बियांबद्दल यातून काही सिद्ध होत नाही, बी वेगळी, पान वेगळं. पण मी तो निबंध वाचला तेव्हा वाटलं, अरे, हे लोक गावातला चहा घेऊन गावातल्याच माणसांकडे गेले.

तुम्ही कधी तसे आलात तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आमच्या पट्ट्यात सिकलसेल आहे, लाल पेशींचा आनुवंशिक आजार. ज्याला तो आजार आहे त्याच्या लाल पेशी १२० दिवसांऐवजी दोन-तीन आठवड्यांतच मोडतात, म्हणून एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा, खोटा कमी येतो. नुसता सिकलसेलचा वाहक असला तरी आकड्यात फरक पडू शकतो. हे न बघता तुम्ही पाला दिला आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी मोजला, तर ज्याचं रक्त मुळातच असं आहे त्याचं श्रेय पाल्याला जाईल. म्हणून सिकलसेल ओळखायला आधी सोल्युबिलिटी टेस्ट, मग इलेक्ट्रोफोरेसिस. प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेलचं कार्ड असतंच, लाल कार्ड, पिवळं कार्ड, तेही विचारा.

आणि पाला न्यायचा असेल तर ग्रामसभेला विचारून न्या. गावच्या जैवविविधता नोंदवहीत ज्या म्हाताऱ्याने झाड दाखवलं त्याचं नाव असतं, निबंधात मात्र नसतं. त्याला तुमचा निकाल मराठीत एका पानावर लिहून पाठवा. काही गुण नाही आला, हासुद्धा निकालच आहे. पेपरवाल्यांना बातमी देताना ‘उंदीर’ हा शब्द मथळ्यात घाला. तीनच अक्षरं आहेत, जागा फार खात नाहीत.

मेथीबद्दल विचारणारे रोज येतात, म्हणून तेही सांगतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १९९० मध्ये छापलेल्या अभ्यासात मेथीने साखर उतरल्याचं दिसलं, पण तिथे तेल काढलेली मेथीपूड रोज १०० ग्रॅम जेवणात घातली होती. रात्री भिजवलेला चमचाभर दाणा खाणाऱ्याला मी खाऊ देतो. फक्त गोळी सोडू नका म्हणतो. काका आता गोळी घेतात, सरकारी दवाखान्यातून फुकट मिळते. पालाही घेतात. कोणता पाला, किती, कधी, ते मी एका वहीत लिहून ठेवायला लागलोय. त्यांच्यासारखे अजून सव्वीस जण त्या वहीत आहेत, शेजारी त्यांच्या साखरेचे आकडे. ती वही पाहिजे असेल तर नावं झाकून झेरॉक्स देईन.

पुड्या एकूण अकरा जमल्यात. प्रत्येकीवर घेतल्याची तारीख, किंमत आणि विकणारा कुठल्या बाजूने आला ते चिकटपट्टीवर लिहिलंय. लोणच्याच्या बरणीत ठेवल्यात, सोबत ओलावा धरू नये म्हणून सिलिका जेल. एकादशीची पुडी सर्वांत वर आहे, अर्धी भरलेली. मंगळवारी बाजार असतो, दुपारी बारानंतर मी दुकानातच सापडेन. एसटीने आलात तर वडाच्या थांब्यावर उतरा.

आपला एक जुना विद्यार्थी,
मेडिकलवाला,
ता. केळापूर, जि. यवतमाळ